वाचता न येणाऱ्या लिपीतला चंद्र

एखादा मजकूर वाचता येणे आणि तो कशाविषयी आहे हे कळणे या दोन क्रिया व्यवहारात इतक्या एकजीव झालेल्या असतात की, दुसरी पहिलीशिवाय होऊ शकते काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रोंगोरोंगो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिपीने मात्र तो विचारणे भाग पाडले आहे. प्रशांत महासागराच्या आग्नेय भागात, चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे 3,500 किलोमीटरांवर असलेल्या रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेटावर लाकडी फळ्यांवर कोरलेली ही चिन्हे आजतागायत कोणालाही वाचता आलेली नाहीत आणि त्यांतल्या एकाही चिन्हाचा उच्चार खात्रीने सांगता येत नाही. तरीही मामारी नावाच्या एका फळीवरच्या दोन-अडीच ओळींत चांद्रमासाच्या रात्री मांडलेल्या आहेत, ही गोष्ट एरवी एकमेकांचे फारसे काही मान्य न करणारे अभ्यासकही मान्य करतात. न वाचताच उमगलेल्या या ओळींतून नेमके काय उमगले, आणि जे उमगले ते त्या बेटावरच्या माणसांचे होते की चंद्राचे, हा प्रश्न लिपिशास्त्राइतकाच धर्मविचाराचाही आहे.

या फळ्यांची पहिली नोंद केली ती योजेन एरो या फ्रेंच धर्मबंधूने. 1864 च्या जानेवारीत तो बेटावर उतरला, नऊ महिने राहिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लिहिलेल्या पत्रात त्याने घरोघरी चित्रलिपीने भरलेल्या फळ्या आणि काठ्या असल्याचे कळवले. परंतु तोवर घात होऊन गेला होता. 1862 आणि 1863 या दोन वर्षांत पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे 1,500 माणसे धरून नेली, त्यांत सरदार घराण्यांतले आणि पाठ जाणणारे लोक होते; जे थोडे परत आले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली, आणि 1877 साली बेटावर केवळ 111 माणसे उरली. ताहितीचे बिशप तेपानो झोसाँ यांच्याकडे बेटावरून भेट म्हणून आलेली केसांची दोरी एका जुन्या फळीच्या तुकड्याभोवती गुंडाळलेली निघाली, तेव्हा त्यांनी उरलेल्या फळ्या मिळवण्याची खटपट सुरू केली. पण एरोने घरोघरी पाहिलेल्या फळ्यांपैकी आता हाताला लागल्या त्या मोजक्याच. आज जगभरच्या संग्रहांत मिळून दोन डझनांच्या आसपास लेखांकित वस्तू आहेत आणि त्यांतली एकही बेटावर नाही.

रोंगोरोंगो या शब्दाचा अर्थच म्हणणे, पाठ करणे असा आहे. त्याच्या मुळाशी असलेला 'रोंगो' हा शब्द पॉलिनेशियाच्या अनेक भाषांत ऐकणे, वार्ता या अर्थांनी येतो. मराठी वाचकाला येथे 'श्रुती' या शब्दाची आठवण व्हावी हे स्वाभाविक असले, तरी ती आठवण तुलनेपुरतीच ठेवावी. महत्त्वाचे हे की, फळी ही मुळात डोळ्यांनी मूकपणे वाचायची वस्तू नव्हती, ती तोंडाने म्हणायच्या पाठाचा आधार होती, आणि म्हणणारा गेल्यावर फळीचे अर्धे अंग गेले. झोसाँ यांनी ताहितीच्या मळ्यावर मजुरी करणाऱ्या मेतोरो नावाच्या बेटवासीयाला फळ्या हाती देऊन म्हणायला सांगितले, तेव्हा तो गाऊ लागला खरा, परंतु जे उतरवून घेतले गेले त्यात सलग अर्थ सापडला नाही. चिन्हाचा आकार दिसेल त्याचे नाव घ्यायचे, माणूस दिसला की माणूस, पक्षी दिसला की पक्षी, असाच तो बहुतांशी प्रकार होता. 1886 साली अमेरिकन नौदलाच्या जहाजावरून आलेल्या विल्यम थॉमसन याने ऊरे वाए इको या वृद्धाकडून फळ्यांच्या छायाचित्रांवरून पाठ म्हणवून घेतले, तर छायाचित्र बदलले तरी म्हाताऱ्याचा पाठ बदलेना. या दोघांना लबाड ठरवणारे लेखन पुष्कळ झाले आहे. ज्यांची अख्खी पिढी वाहून गेली त्यांच्याकडून परीक्षेतल्यासारखी उत्तरे मागणाऱ्यांचीही त्यात चूक होती, हे तितक्या मोकळेपणाने लिहिले गेलेले नाही.

मामारी ही झोसाँ यांच्याच संग्रहातली फळी. ती सुमारे 29 सेंटिमीटर लांब आणि 19.5 सेंटिमीटर रुंद, म्हणजे शाळेतल्या जुन्या दगडी पाटीएवढी आहे. तिचे लाकूड ज्या झाडाचे आहे ते कोकणच्या किनाऱ्यावर भेंड किंवा पारोसा पिंपळ या नावांनी ओळखले जाते. दोन्ही बाजूंना चौदा-चौदा ओळी आणि एकूण सुमारे 1,000 चिन्हे. रोंगोरोंगोची ओळ खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते आणि ती संपली की फळी उलटी फिरवून, वरची बाजू खाली करून, पुढची ओळ म्हणायची असते, त्यामुळे फळी समोर धरली असता एक ओळ सुलटी आणि तिच्या वरची ओळ डोक्यावर उभी दिसते. टोमास बार्थेल या जर्मन अभ्यासकाने साऱ्या ज्ञात फळ्यांची चिन्हे रेखून, त्यांना क्रमांक देऊन 1958 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मामारीच्या एका बाजूवरच्या सहाव्या ते नवव्या ओळींमधल्या भागाकडे लक्ष वेधले, कारण एरवी चिन्हांची गर्दी असलेल्या या फळीवर तेवढ्याच भागात चंद्रकोरीचे एकच चिन्ह एकामागून एक येत राहते.

या कोरींकडे जवळून पाहिले असता पहिली नवलाची गोष्ट दिसते ती ही की, त्या वाढतही नाहीत आणि घटतही नाहीत. चंद्राच्या कलांचे चित्र काढायचे असते तर कोर दिवसागणिक जाड होत गेली असती. येथे मात्र प्रत्येक रात्रीला, थोडे अपवाद सोडता, तीच कोर आहे. जपमाळेतल्या मण्यावर नाव कोरलेले नसते, जपणाऱ्याच्या ओठांवर ते असते, तशी ही कोर एका रात्रीची खूण आहे, तिचे चित्र नव्हे. या कोरींच्या मधोमध पौर्णिमेचे वेगळे चिन्ह येते आणि त्यात एक आकृती बसलेली आहे. बेटावरच्या कथेप्रमाणे चंद्रावर एक म्हातारी जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांची चूल पेटवून बसलेली दिसते. मराठी मुलाला जेथे ससा दिसतो तेथे रापा नुईच्या मुलाला ही म्हातारी दिसे. पौर्णिमेचे चिन्ह धरून एकूण 30 रात्री होतात. त्या सलग नसून त्यांचे आठ गट पाडले आहेत, आणि प्रत्येक गटाच्या आधी चार चिन्हांचे एक ठरावीक पद येते, ज्याला येथे सूचकपद म्हणता येईल. या सूचकपदाच्या शेवटी दोरीला लटकलेला मासा असतो. पौर्णिमेपूर्वीच्या चारही पदांत माशाचे तोंड वर आणि पौर्णिमेनंतरच्या चारही पदांत ते खाली आहे, आणि हा बदल फळी फिरवल्यामुळे झालेला नाही, कारण त्याच ओळीतली शेजारची चिन्हे सुलटीच आहेत. चंद्राचे वाढणे आणि सरणे जे कोरीने सांगितले नाही ते माशाने सांगितले.

एवढ्यावरून कोणी पंचांग सापडल्याची द्वाही फिरवली असती तर ती कच्ची ठरली असती. बार्थेल यांचा तर्क आणि त्यावर जाक गी या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1990 साली केलेली बारकाईची मांडणी पटते ती एका स्वतंत्र साक्षीमुळे. थॉमसनने 1886 साली आणि आल्फ्रेद मेत्रो यांनी 1934-35 च्या मोहिमेत बेटावरच्या वृद्धांकडून चांद्रमासातल्या रात्रींची नावे लिहून घेतली होती, आणि त्या वेळी मामारीवर पंचांग असल्याची कल्पनाही कोणाला नव्हती. या नावांत आरंभीच्या दोन रात्रींनंतर 'कोकोरे ताही', 'कोकोरे रुआ' अशा, म्हणजे कोकोरे एक, कोकोरे दोन अशा, क्रमाने मोजलेल्या सहा रात्री येतात. मग स्वतंत्र नावांच्या रात्री, मग 'ओमोतोही' ही पौर्णिमा, आणि तिच्यानंतर पुन्हा कोकोरे एक ते पाच. फळीवरचे कोरींचे गट नावांच्या या ठेवणीशी जुळतात. तोंडी परंपरा फळी न पाहता बोलली, फळी परंपरा न ऐकता कोरलेली राहिली, आणि दोघींची गाठ पडली ती सत्तर वर्षांनी एका जर्मन अभ्यासकाच्या टेबलावर. लिपीच्या अभ्यासात पुरावा म्हणावा असा प्रसंग हाच.

दोन अमावास्यांमधले अंतर सरासरी 29.53 दिवसांचे असते, म्हणजे पूर्ण रात्रींच्या कोणत्याही संख्येत महिना नेमका बसत नाही. तिथीची वृद्धी आणि क्षय ज्याच्या कानावर लहानपणापासून पडले आहेत त्या मराठी वाचकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र भारतीय तिथी हा चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या बारा अंशांच्या अंतराचा भाग असून तो सुमारे 19 ते 26 तासांत कधीही पुरा होऊ शकतो, आणि तो आधीच गणित करून छापता येतो. रापा नुईची रात्र ही डोळ्यांनी पाहायची रात्र होती. तेथे 28 रात्री पक्क्या होत्या आणि दोन राखीव, आणि त्या राखीव रात्री गरजेप्रमाणे घालायच्या वा गाळायच्या होत्या. मामारीवर अखेरीस अधिक लांबलेल्या सूचकपदानंतर दोन कोरी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. शिवाय पौर्णिमेच्या आधीच्या सहाव्या आणि नंतरच्या सहाव्या रात्रीपूर्वी अर्ध्या आकाराची, वर उचललेली एक लहान कोर कोरलेली आहे, आणि त्यांतल्या पहिलीची जागा नेमकी तीच आहे जेथे थॉमसन आणि मेत्रो यांच्या याद्यांत 'होतू' ही राखीव रात्र येते.

जाक गी यांनी येथून आणखी एक पाऊल टाकले. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तो पृथ्वीपासून कधी सुमारे 3,63,000 तर कधी 4,05,000 किलोमीटरांवर असतो. लांब असताना तो संथ चालतो आणि बिंबही लहान दिसते. म्हणून सूचकपद ही बिंबाचा आकार पाहण्याची आज्ञा असावी, आणि लहान कोरीचा अर्थ 'बिंब लहान दिसले तर एक रात्र जास्त धरावी' असा असावा, असे त्यांचे अनुमान आहे. अनुमान देखणे आहे, आणि नेमके म्हणूनच त्याच्याकडे जरा संशयाने पाहावे. बिंबाच्या आकारातला एवढा फरक तुलनेला दुसरे बिंब शेजारी नसताना नुसत्या डोळ्यांनी रोजच्या रोज टिपणे सोपे नाही. तरीही या अनुमानाने एक गोष्ट लक्षात आणून दिली आणि ती टिकेल असे वाटते, ती म्हणजे हा मजकूर झालेल्या काळाची नोंद नसून करायच्या निरीक्षणाची संहिता आहे. भविष्यातला महिना किती रात्रींचा असेल हे फळी सांगत नाही, ते कोणीतरी आकाशाकडे पाहून ठरवायचे असते. काळ येथे आकाशात आयता पडलेला नाही आणि माणसाने मनाने रचलेलाही नाही. नावांची माळ माणसाची, चाल चंद्राची, आणि दोघांचा मेळ तुटू लागला की एक मणी घालण्याचा अधिकार पाहणाऱ्याचा. धर्मशास्त्रात ज्याला कालनिर्णय म्हणतात त्यातला 'निर्णय' हा शब्द येथे अक्षरशः लागू पडतो.

मग चंद्र हा दुभाषी मिळाल्यावर लिपी उलगडली का नाही? जेम्स प्रिन्सेपने 1837 साली सांचीच्या कठड्यांवरचे छोटे लेख पाहिले, तेव्हा बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे त्याच्या ध्यानात आले. देवस्थानी दान देणाऱ्यांचे हे लेख असणार, म्हणजे शेवटचा शब्द 'दानं' असणार, असा त्याने तर्क केला आणि त्यातून ब्राह्मीची दारे उघडली. कार्ले आणि कान्हेरीच्या लेण्यांतले दानलेख आज वाचता येतात ते त्या तर्काच्या पुण्याईने. प्रिन्सेपलाही आधी उमगला तो विषयच, वाचन नंतर आले. पण त्या विषयाने त्याच्या हाती ध्वनी दिले, कारण दान हा शब्द तेथे अक्षरांनी लिहिला होता. मामारीवर रात्रींची नावे लिहिलेलीच नाहीत. पौर्णिमा सोडता बाकीच्या रात्रींना कोर ही कोरच आहे, तिला 'कोकोरे' म्हणायचे की आणखी काही हे म्हणणाऱ्याने जाणायचे आहे. म्हणून विषय कळला आणि ध्वनी एकही मिळाला नाही. आकाश हा दुभाषी आपले तेवढे सांगतो.

येथे मध्य अमेरिकेतल्या माया लिपीचा अनुभव आठवावा लागतो. ड्रेस्डेनचे ग्रंथपाल एर्न्स्ट फर्स्टेमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत माया पोथीतली पंचांगाची गणिते सोडवली, तेव्हा त्या लिपीतला एक शब्दही उच्चारता येत नव्हता. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ जे वाचता येत होते ते केवळ पंचांग, आणि म्हणून माया लोक म्हणजे काळाची पूजा करणारे, ग्रहगणितात बुडालेले शांत पुरोहित, असे चित्र विद्वानांनी रंगवले. 1960 साली तातियाना प्रोस्कुरियाकॉफ यांनी शिलालेखांतल्या तारखा राजांच्या जन्माच्या आणि राज्यारोहणाच्या असल्याचे दाखवले, आणि त्या शांत पुरोहितांच्या जागी लढाया करणारी, वंशाचा अभिमान मिरवणारी घराणी उभी राहिली. पंचांग आधी वाचले जाते याचे कारण ते त्या समाजाला सर्वांत प्रिय असते हे नव्हे, तर परक्यालाही ते कळू शकते हे आहे. घराच्या ज्या कोपऱ्यात प्रकाश पडतो तेथेच किल्ली शोधण्याचा हा प्रकार आहे, आणि त्या कोपऱ्यावरून घरभराचे वर्णन केले जाते.

म्हणून मामारीवरून रापा नुईचे लोक 'चक्राकार काळ' मानणारे होते असे जे तत्त्वज्ञान अधूनमधून काढले जाते, ते टिकत नाही. चंद्र फिरून येतो हे जगातला प्रत्येक कोळी जाणतो. त्यासाठी वेगळे दर्शन लागत नाही. ज्या बेटाने पूर्वजांचे दगडी पुतळे किनाऱ्यावर रांगेने उभे केले, ज्याच्या एका फळीवर बुतिनोव आणि क्नोरोझोव या रशियन अभ्यासकांनी 1957 साली वंशावळीची मांडणी असल्याचे सुचवले, त्या बेटाला परत न येणाऱ्या, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या काळाचीही चांगलीच ओळख असली पाहिजे.

याहून मोठा धोका आकडे शोधणाऱ्यांकडून आहे. मामारीचे यश पाहून इतर फळ्यांतही महिने, वर्षे आणि ग्रहांच्या फेऱ्या शोधणारे कमी नाहीत. चिन्हे मोजायची, बेरीज 29 च्या, 354 च्या किंवा 365 च्या जवळ आली की थांबायचे, आणि एखादे उरले तर ते अधिक दिवसाचे म्हणायचे, ही त्यांची रीत. पण रोंगोरोंगोत चिन्ह मोजणे हीच मुळात वादाची गोष्ट आहे. माणसाच्या हाताला कोर जोडलेली असेल तर ते जोडचिन्ह एक मानायचे की दोन? बार्थेल यांच्या सूचीत सुमारे 600 चिन्हे आहेत. कोन्स्तान्तिन पोझ्डनियाकोव यांनी 2007 साली त्यांची फोड करून मूळ चिन्हे जेमतेम 52 असल्याचे मांडले. ज्या मोजणीचे एककच इतके लवचीक असते, तिच्यातून हवी ती बेरीज निघते, आणि आकडा जुळल्याचा आनंद मोजणाऱ्याचा असतो, कोरणाऱ्याचा नव्हे. भारताशी या लिपीचा संबंध जोडण्याचा प्रयत्नही याच जातीचा होता. गियोम द हेवेशी याने 1932 साली पॅरिसमध्ये सिंधू मुद्रांवरची चिन्हे आणि रोंगोरोंगो यांतली साम्ये शेजारी मांडली आणि काही काळ मोठी खळबळ उडाली. मेत्रो यांनी 1938 साली तपासणी करून त्यांतल्या आकृत्या साम्य वाढावे अशा बेताने रेखल्याचे दाखवले, आणि मोहेंजोदडो व रापा नुई यांच्यामधली तीन हजारांहून अधिक वर्षे तर कोणत्याच आकृतीने भरून निघत नव्हती. मामारीच्या पंचांगाला जी स्वतंत्र साक्ष लाभली तशी नसेल तर जुळणाऱ्या आकड्याला पुरावा म्हणू नये, आणि इतर फळ्यांवरच्या पंचांगांच्या दाव्यांना ती आजवर लाभलेली नाही.

या सगळ्यात धर्म कोठे आहे? तो कोरींच्या मोजणीत नाही, कोरींवर न लिहिलेल्या नावांत आहे. पौर्णिमेआधीच्या एका रात्रीचे नाव 'अतुआ', म्हणजे देव. हवाईच्या पंचांगात तीच रात्र 'अकुआ' म्हणून येते, आणि तिच्या आधीची 'हुआ' दोन्हीकडे आहे. कृष्णपक्षातल्या दोन रात्री 'रोंगो' आणि 'रोंगो ताने' अशा आहेत. रोंगो आणि ताने हे पॉलिनेशियाचे थोर देव, पण रापा नुईवर माकेमाके या दैवताची महती वाढली आणि ते मागे पडले. त्यांचे ठाणे उरले ते मुख्यतः रात्रींच्या नावांत. पूर्वज ज्या बेटांवरून होड्यांत बसून आले तेथली ही नावे शेकडो वर्षे दर महिन्याला तोंडातून जात राहिली. फळी कोरणाऱ्याला ती लिहिण्याची गरज वाटली नाही, कारण ती विसरली जातील ही शक्यताच त्याच्या मनात आली नसावी.

कॅथरिन रूटलेज यांनी 1914-15 मध्ये बेटावर राहून उरलेल्या वृद्धांच्या आठवणी टिपून घेतल्या. न्गाआरा या आरिकीच्या, म्हणजे पवित्र राजाच्या, काळात दर वर्षी आनाकेना येथे पाठ जाणणाऱ्यांचा मोठा मेळा भरे आणि चुकणाऱ्याची कानउघाडणी होई. त्याखेरीज लहान मेळे अमावास्येनंतर चंद्र नवा असताना किंवा कृष्णपक्षाच्या शेवटच्या चरणात भरत. त्या वेळी आरिकी फळ्या म्हणत येरझाऱ्या घाली आणि वृद्ध मंडळी एका जागी उभी राहून पाहत असत.